काशीचे शल्यतंत्र आणि त्वचेवरील रक्तरेषा

अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात बांधविलेल्या घाटावर उतरताना मराठी यात्रेकरूस त्या पुण्यश्लोक राणीचे स्मरण होते. हीच नगरी सुश्रुताचीही, हे मात्र सहसा ध्यानी येत नाही. सुश्रुतसंहितेत काशिराज दिवोदास धन्वंतरी शिष्यांस शल्यतंत्र शिकवितो. शरीरात 700 सिरा असून त्यांचे फाटे झाडाच्या पानावरील रेषांप्रमाणे पसरतात, असे तेथे म्हटले आहे. त्वचेत फुगून दिसणाऱ्या केसासारख्या तांबड्या रक्तवाहिन्यांचे जाळे ज्याने पाहिले असेल, त्यास ही उपमा किती नेमकी आहे हे पटेल. याच ग्रंथावर ‘आयुर्वेदरहस्यदीपिका’ ही हिंदी टीका लिहिणारे काशी हिंदू विश्वविद्यालयातील भास्कर गोविंद घाणेकर हे मराठी गृहस्थ होत, याचा आम्हांस अभिमान वाटतो.

परंतु अभिमानाने निदान होत नाही. सुश्रुताने व्यंग, न्यच्छ व नीलिका यांवर सिरावेध सांगितला. ते काळसर डाग होत. या रक्तरेषा निराळ्या. त्यांवर रक्त काढून काही साधत नाही.

पाश्चात्त्य वैद्यकात यांस ‘टेलांजिएक्टेशिया’ म्हणतात. परीक्षा अगदी साधी: काचेने दाबले असता तांबडेपणा नाहीसा झाला, तर रक्त वाहिनीतच आहे, न झाला, तर ते बाहेर झिरपले असून रोग दुसरा आहे. यापुढचे निदान प्रश्नांनी होते. नाकातून वारंवार रक्त येते काय, घरात इतरांसही तसे होते काय? रांद्यू (1896), ऑस्लर (1901) व वेबर (1907) यांनी वर्णिलेला आनुवंशिक विकार असाच ओळखतात. छातीवर कोळ्याच्या आकाराचे ठिपके असल्यास यकृत तपासावे; बोटांची कातडी ताठर असल्यास स्क्लेरोडर्माचा संशय घ्यावा. यांपैकी काहीच नसून रेषा पायांपासून वर्षानुवर्षे वर पसरत गेल्या असतील, तर विकार बहुधा निरुपद्रवी असतो. तो विशेषतः प्रौढ स्त्रियांत आढळतो, आणि रुग्णास धीर देणे हाच त्यावरचा मुख्य उपचार.

रेषा घालवायच्याच असतील, तर लेसर आहे. 1983 साली अँडरसन व पॅरिश यांनी त्याचे तत्त्व मांडले: रक्ताचा रंग विशिष्ट प्रकाश शोषतो, वाहिनी तापून मिटते आणि भोवतालची त्वचा बचावते. आपल्या सावळ्या वर्णात मात्र त्वचेचे रंगद्रव्यही तो प्रकाश शोषते. म्हणून आधी लहानशा जागी प्रयोग करून पाहावा.

एक कारण मात्र आपणच ओढवून घेतलेले असते. गोरेपणाच्या लोभाने स्टेरॉइडयुक्त मलम महिनोन्‌महिने चोपडले, की चेहऱ्याची त्वचा पातळ होऊन या रेषा उघड्या पडतात. अशा 14 औषधांची मलमे 2018 साली केंद्र सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली.