लयखेळांतील काठिण्यपातळी : नियमांची शिडी

संगीताच्या ठेक्यावर कळ दाबणे, पाऊल टाकणे किंवा पडद्यावरील वर्तुळावर अचूक क्षणी टिचकी मारणे, हे ज्यांचे मूळ तत्त्व आहे, अशा संगणकीय खेळांना रिदम गेम अर्थात लयखेळ म्हटले जाते. जपानमधील कोनामी या कंपनीच्या 'बीटमॅनिया' (१९९७) आणि 'डान्स डान्स रिव्होल्यूशन' (१९९८) या खेळांनी हा प्रकार लोकप्रिय केला. त्या काळी गाण्यांची निवड आणि त्यांवरील ठोक्यांची मांडणी कंपनीचे तंत्रज्ञच करीत. २००१ मध्ये आलेल्या 'स्टेपमॅनिया' या मुक्त प्रणालीने हे काम खेळाडूंच्याही हाती दिले. आवडते गाणे घ्यावे, त्यावर ठोक्यांची रचना बसवावी आणि ती इतरांना खेळावयास द्यावी, असा प्रघात पडला.

यातूनच एक प्रश्न उभा राहिला. रचना कोणीही करू लागला, तर ती सोपी की अवघड, हे ठरवावयाचे कोणी? ज्याचा हात वर्षानुवर्षे बसला आहे, त्याला स्वतःची रचना नेहमीच सोपी वाटते. नवख्याला तीच अशक्य वाटते. काठिण्याचे नियम या अंतरातून जन्मास आले.

नियमांची सर्वांत तपशीलवार चौकट

डीन हर्बर्ट या ऑस्ट्रेलियन तंत्रज्ञाने २००७ मध्ये सुरू केलेला 'ओसू' हा खेळ या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. निन्टेन्डो डीएस यंत्रावरील एका जपानी खेळापासून त्याची प्रेरणा घेण्यात आली. ओसूमधील गाण्यांवरील रचना खेळाडूच तयार करतात. त्या 'बीटमॅप' या नावाने ओळखल्या जातात. एका गाण्यावर अनेक पातळ्यांच्या रचना असतात : ईझी, नॉर्मल, हार्ड, इन्सेन आणि एक्स्पर्ट. संगणक प्रत्येक रचनेला तारांकन देतो. दोनपेक्षा कमी तारे असल्यास ती ईझी, २ ते २.६९ नॉर्मल, २.७ ते ३.९९ हार्ड, ४ ते ५.२९ इन्सेन आणि त्यापुढे एक्स्पर्ट, अशी ढोबळ विभागणी आहे.

मात्र केवळ तारे मोजून काम भागत नाही. प्रत्येक पातळीत ठोके किती दाट असावेत, याचेही संकेत ठरलेले आहेत आणि ते मिनिटाला १८० ठोक्यांची गती गृहीत धरून सांगितले जातात. तबला शिकलेल्या वाचकास ही भाषा परकी वाटणार नाही. ईझीमध्ये मुख्यत्वे बरोबरीची लय असते. नॉर्मलमध्ये अधूनमधून दुगुन येते. हार्डमध्ये दुगुन हाच पाया ठरतो व चौगुनीचे छोटे तुकडे डोकावतात. इन्सेनपासून पुढे चौगुनीचा मुक्त वापर होतो. गाण्याची मूळ गती फार कमी किंवा अधिक असेल, तर हे संकेत त्या प्रमाणात बदलून लावले जातात.

याखेरीज दोन मोजमापे महत्त्वाची आहेत. पहिले, वर्तुळ किती आधी दिसू लागते. या मापाचे मूल्य ५ असल्यास खेळाडूस १२०० मिलिसेकंद, ९ असल्यास ६०० आणि १० असल्यास अवघे ४५० मिलिसेकंद मिळतात. दुसरे, चुकीची मुभा. हे मूल्य ३ असता पूर्ण गुणांसाठी नेमक्या क्षणाच्या मागेपुढे सुमारे ६२ मिलिसेकंदांची सूट असते. ९ असता ती सुमारे २६ मिलिसेकंदांवर येते. ईझी रचनेत पहिले मूल्य ५ पेक्षा अधिक नसावे, असा संकेत आहे.

पायरी गाळता येत नाही

या चौकटीचा कणा मात्र वेगळाच आहे. रचना किती अवघड असावी, यावर वरची मर्यादा नाही. बंधन आहे ते खालच्या पायऱ्यांचे. लहान लांबीच्या गाण्यावर केवळ एक्स्पर्ट रचना करून मान्यता मिळत नाही. सर्वांत सोपी रचना नॉर्मलपेक्षा अवघड असता कामा नये आणि मधली पायरीही गाळता येत नाही. नॉर्मल व इन्सेन आहे, पण हार्ड नाही, असा संच परत पाठविला जातो. गाणे जसजसे लांब, तसतशी सवलत वाढते. पाच मिनिटांहून अधिक लांबीच्या गाण्यास एकच रचना पुरते, कारण एवढ्या लांबीच्या चार-पाच रचना करणे हे महिनोन्महिन्यांचे विनामोबदला श्रम असतात.

आपल्याकडील संगीत शिक्षणातही हेच तत्त्व दिसते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा व विशारद अशा क्रमाने अलंकारापर्यंत जातात. मधली पायरी नसेल, तर शिकणारा वर चढत नाही. तो शिडी सोडून देतो. लयखेळांत तर परीक्षक वा गुरू समोर नसतो. त्यामुळे सोपी रचना हाच नवख्याचा गुरू असतो.

साहजिकच या नियमावर आक्षेपही घेतले जातात. अवघड रचनेत रस असलेल्या कलावंतास मनाविरुद्ध सोप्या रचना कराव्या लागतात आणि त्या अनेकदा उरकल्यासारख्या होतात, असे टीकाकार म्हणतात. यावर समुदायाने दोन वाटा काढल्या. एक, सोपी पातळी दुसऱ्या रचनाकाराकडून पाहुणा म्हणून करवून घेणे. दुसरी, २०१६ पासूनचा 'लव्ह्ड' हा विभाग. चौकटीत न बसणाऱ्या, पण खेळाडूंना प्रिय असलेल्या रचनांना त्यात स्थान मिळते. मात्र त्या खेळून क्रमवारीचे गुण मिळत नाहीत.

यंत्राची मोजणी आणि माणसाची पारख

मान्यतेची प्रक्रियाही खेळाडूंच्याच हाती आहे. निवडक स्वयंसेवकांपैकी दोघांनी शिफारस केल्यावर रचना सात दिवस सर्वांच्या तपासणीसाठी खुली राहते. या काळात गंभीर दोष दाखविल्यास ती मागे घेतली जाते. अन्यथा तिला मान्यता मिळून तिच्यावरील गुण क्रमवारीत धरले जातात.

एवढी मानवी तपासणी का, याचे उत्तर तारांकनाच्या मर्यादेत आहे. खेळाडूचे स्थान तारांकनावर आधारलेल्या गुणांनी ठरत असल्याने, यंत्राला अवघड पण हाताला सोप्या वाटणाऱ्या रचनांना मागणी येते. ठोक्यांमधील अंतर आणि वेग यंत्र मोजू शकते. पडद्यावरील गुंतागुंत वाचण्याचे काठिण्य मोजणे त्याला दीर्घकाळ साधले नव्हते. गणनेचे सूत्र म्हणूनच अनेकदा सुधारण्यात आले.

स्वीडनच्या रॉबर्ट टोपाला यांच्या 'जॉमेट्री डॅश' (२०१३) या लयीवर आधारलेल्या खेळात वेगळा मार्ग आहे. तेथे रचनाकाराने आपली रचना स्वतः पूर्ण करून दाखविल्याशिवाय ती सर्वांसाठी प्रसिद्ध होत नाही. त्यानंतर तिला एक ते दहा तारे मिळू शकतात. दहा ताऱ्यांच्या रचनांना 'डीमन' म्हणतात व त्यांचेही पाच पोटप्रकार आहेत. या नियमाने रचना शक्य आहे, हे सिद्ध होते. ती नवख्याला पेलेल, हे मात्र सिद्ध होत नाही.

दोन्ही पद्धतींची तुलना करता फरक स्पष्ट होतो. एक नियम रचनाकाराचे कौशल्य तपासतो, दुसरा शेवटच्या रांगेतील खेळाडूची सोय पाहतो. शिखर कितीही उंच असो, त्याची चिंता निष्णात खेळाडू स्वतः करतात. पहिली पायरी मात्र कोणीतरी दुसऱ्यासाठी बांधावी लागते आणि ते काम केवळ हौसेवर सोडल्यास बहुधा राहून जाते. ओसूच्या नियमावलीने तीच पायरी सक्तीची केली आहे.