तळटीप : स्टॉक कार
बाहेरून बाजारातल्या गाडीसारखी दिसणारी, आतून निव्वळ शर्यतीसाठी बांधलेली गाडी. अमेरिकेत या शर्यती नासकार ही १९४८मध्ये स्थापन झालेली संस्था भरवते. झाशीतून या शर्यतींचे स्वप्न पाहणाऱ्या एखाद्या मुलाला ही वाट दूरचीच. त्याच्या राज्यातले बुद्ध सर्किटही थेट ग्रेटर नोएडाला, २०११मध्ये झालेले. नासकारमध्ये उतरलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन २०१०मध्ये तिथल्या ट्रक मालिकेत धावला, पण फॉर्म्युला वननंतर. त्यामुळे नवख्याची उमेदवारीची वर्षे कशी असतात हे समजण्यासाठी पुण्याच्या डायना पुंडोले यांच्याकडे पाहावे. शिक्षिका आणि दोन मुलांची आई असलेल्या डायना २०१८मध्ये महिलांसाठीच्या प्रशिक्षण उपक्रमातून या खेळात आल्या. २०२४मध्ये त्यांनी पुरुष स्पर्धकांना मागे टाकून सलून गटाचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. मोटार शर्यतीत असे करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला.