कोठीघराची कुळकथा

मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी गडकोटांवर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले, तोफांची नावे जमविली, तहांची कलमे छापली. गडावरील अंबरखान्यास मात्र त्यांनी एखाद्या तळटीपेत जागा दिली आणि घरातील कोठीघर तर तळटीपेसही पात्र ठरले नाही. आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी विषय निवडताना आम्हांस हीच उणीव भासली. रायपुरात, आणि त्यातही रेल्वेच्या रुळांपलीकडील या गुढियारीत, मराठी कुटुंबे पिढ्यानुपिढ्या दिवाळीचा फराळ करीत आली. तो फराळ ज्या साठवणीतून निघाला तिचा वृत्तांत कोणीतरी लिहून ठेवणे अगत्याचे होते.

साठवण हा राज्यकारभाराचा भाग आहे हे शिवकाळात पुरते ओळखले गेले होते. सभासदाने जे बारा महाल व अठरा कारखाने सांगितले आहेत त्यांत कोठी हा एक महाल आणि अंबरखाना हा एक कारखाना. पन्हाळ्यावरील गंगा, यमुना व सरस्वती या धान्याच्या कोठ्या आजही उभ्या आहेत. त्यांच्या भिंती पाहिल्या म्हणजे १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा इतके दिवस सोसता कसा आला याचे निम्मे उत्तर मिळते. चिपळूणनजीक छावणीस असलेल्या लष्कराच्या जुमलेदारांस व कारकुनांस महाराजांनी पाठविलेले, १६७३-७४ च्या सुमाराचे पत्र प्रसिद्धच आहे. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नये, हा त्यातील आशय शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. परंतु त्या पत्राचा मोठा भाग साठवणीविषयी आहे. पावसाळ्यासाठी जमविलेले दाणे व वैरण आताच मनास येईल तशी उधळली तर पुढे घोडी मरतील, लष्कर रयतेस लुटू लागेल आणि रयत म्हणेल की यापेक्षा मोगल बरे, असा तो विचार आहे. रात्री दिवा जळत ठेवू नये, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंजी भस्म होईल, इतक्या बारकाव्यापर्यंत ते पत्र उतरते. आमच्या मते हे पत्र कोणत्याही सासूने सुनेस वाचून दाखवावे असे आहे.

छत्तीसगडात मराठी माणूस आला तो नागपूरकर भोसल्यांच्या फौजेबरोबर. १७४१ साली भास्करपंत कोल्हटकरांनी रतनपूर घेतले आणि १७५८ पासून बिंबाजी भोसले यांनी तेथे राहून कारभार केला. १७८७ मध्ये ते वारले व सुभेदारी सुरू झाली. त्या काळात कमाविसदार, फडणवीस, कारकून, पुजारी अशी अनेक घराणी या मुलखात रुजली. १८१८ साली इंग्रज अधीक्षकाच्या अमदानीत मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास आले आणि त्यामागोमाग मराठी वस्तीही आली. तात्यापारा हे नाव त्या वस्तीची आठवण अजून सांगते.

या मंडळींनी घाटावरून वा वऱ्हाडातून येताना साठवणीची आपली रीत आणली होती. तिकडे कोरड्या काळ्या मातीत पेव खणून ज्वारी पुरता येते. वाड्याच्या भिंतीत बळद असते. येथील पाऊस निराळा आणि धानाच्या बांध्यांनी वेढलेली जमीनही निराळी. पेवात ठेवलेले धान्य येथे एक चातुर्मास टिकले नसते. म्हणून त्यांनी छत्तीसगडी शेतकऱ्याची कोठी उचलली. चिखलात धानाचा पेंढा मळून, जमिनीपासून उंच थरांनी बांधलेली, वरून भरावयाची आणि तळाशी असलेल्या भोकातून रिकामी करावयाची ही कोठी. नावही तेच, कोठी; शिकण्यास नवा शब्दसुद्धा लागला नाही. मापांचेही तसेच. आपल्याकडे वीस मणांची खंडी, येथे वीस काठ्यांची खंडी. नाव एक, हिशेब विसांचा, पण भरणारे धान्य फार वेगळे. नव्याने आलेल्या माणसाची बाजारात यावरून कशी गल्लत होत असेल याची कल्पनाच केलेली बरी.

रेल्वे येण्यापूर्वी या प्रदेशातील धान्य बाहेर जाई ते बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवर, आणि तेच बैल परतताना मीठ आणीत. धान्य स्वस्त आणि मीठ महाग, अशी ही विलक्षण अर्थव्यवस्था होती. मग नागपूरहून राजनांदगावपर्यंत आलेली छत्तीसगड रेल्वे १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने घेतली, मार्ग रुंद करून रायपूर-बिलासपूरमार्गे पुढे नेला आणि १८९१ मध्ये तो आसनसोलला जोडला. कोठीघरावर याचे दोन परिणाम झाले. एक गोड. खोबरे, आमसुले, वेलदोडे, केशर, चांगला रवा ही जिन्नस नागपूरच्या वाटेने येऊ लागली आणि करंजीच्या सारणात खोबऱ्याचे प्रमाण वाढले. दुसरा परिणाम कडू. गावचा तांदूळ आता कलकत्त्याच्या भावाने विकला जाऊ लागला. पूर्वी चांगल्या सालचे शिल्लक धान वाईट सालासाठी कोठीत पडून राही, कारण त्यास दुसरी वाटच नव्हती. आता ते वाघिणीत चढू लागले. १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्यप्रांतात जो कहर केला त्यात छत्तीसगड फार होरपळले. संवत १९५६ चा म्हणून तो दुसरा दुष्काळ 'छपन्न्या' या नावाने लोकांच्या तोंडी राहिला. रेल्वेने त्या काळात बाहेरून धान्य आणलेही, हे नाकारता येणार नाही. तरीपण वर्षाचे धान्य घरात असल्याखेरीज झोप न लागणाऱ्या आजीबाई आपण पाहिल्या, त्यांचा तो स्वभाव हौसेतून आलेला नव्हता. तो या दोन दुष्काळांचा वारसा होता. रायपूरचे वामनराव लाखे यांनी १९१३ साली येथे सहकारी बँक उभी केली ती याच पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. शेतकऱ्यास सावकाराच्या दारी धान ओतावे लागू नये, ही त्या चळवळीची मूळ प्रेरणा होती.

आता फराळाकडे वळू. दिवाळी येते ती या मुलखातील कोठी सर्वांत रिकामी असते तेव्हा. हरुना म्हणजे हळवा धान कुठे कापला असेल नसेल. मुख्य पीक शेतात उभे असते, ते खळ्यावर येईतो मार्गशीर्ष उजाडतो. म्हणजे वर्षातील सर्वांत मोठा सण गतवर्षीच्या शिल्लकीवर साजरा करावयाचा! यास्तव दिवाळीची तयारी आश्विनात सुरू होते हे म्हणणे खरे नाही, ती माघ-फाल्गुनात सुरू होते. त्या महिन्यांत वर्षाचा तांदूळ भरावयाचा आणि त्यातील जुन्या, मुरलेल्या तांदळाचे एक मडके अनारशांसाठी वेगळे ठेवावयाचे. फाल्गुन-चैत्रात तूर व चणा; तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात. चैत्र-वैशाखात गहू आणि लाल मिरची. वैशाखातच सांडगे, पापड, कुरडया, सरगुंडे. मग मृगापूर्वी सर्व काही बंद: तांदळात बिब्बे, गव्हात कडुनिंबाचा वाळलेला पाला, मुगांना राख, बरणीच्या तोंडास दादरा. पावसाळ्याचे चार महिने कोठीघराचे दार ऊन पडल्याखेरीज उघडावयाचे नाही.

घट बसण्याआधी पितृपक्षात कोठीघर झाडले जाई. दसऱ्यानंतर भाजणी. चकलीच्या भाजणीस चार वाट्या तांदूळ, दोन चणाडाळ, एक उडीदडाळ, वर धने-जिरे, हे प्रमाण बहुतेक घरी सारखेच आढळते. मतभेद असतो तो भाजण्याच्या रंगावर. अनारशांचे गणित तर पंचांगाशी जुळविलेले आहे. कोजागरीस तांदूळ भिजत घातला, तीन दिवस रोज पाणी बदलले, चौथ्या दिवशी सावलीत सुकवून कुटला, बरोबरीचा गूळ घालून आठ दिवस मुरत ठेवला की धनत्रयोदशीच्या आसपास खसखशीवर थापून तुपात सोडण्यास पीठ तयार. मौजेची गोष्ट अशी की छत्तीसगडी घरांत याच सुमारास तांदळाचे पीठ व गूळ यांचा 'अइरसा' तळला जातो. हा आपल्या अनारशाचा भाऊ आहे यात शंका नाही. थोरला कोण हा वाद आम्ही घालणार नाही. ठेठरी आणि खुरमी मात्र आपण येथे येऊन शिकलो. गुढियारीतील मराठी घरांत पोळ्याला ठेठरी नसेल तर मुलांना सण झाल्यासारखे वाटत नाही.

बेसनाविषयी दोन शब्द. लाडू, शेव, कडबोळी यांसाठी बेसन लागते, आणि जुन्या गृहिणी ते विकत कधी आणीत नसत. सबंध चणा आणून, निवडून, घरच्या जात्यावर दळीत. यास कंजूषपणा म्हणणारे लोक आम्ही ऐकले आहेत. कारण वेगळेच होते. छत्तीसगडात धानाच्या बांध्यांत पाठोपाठ तिवरा पेरतात. त्यालाच आपण लाखोळी म्हणतो. ही डाळ सतत व मुख्य अन्न म्हणून खाल्ली की पायांतील शक्ती जाते. स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने सागर भागात १८३० च्या सुमारास असे पांगळे झालेले लोक पाहून तसे लिहून ठेवले आहे. १९६१ साली केंद्र शासनाने तिच्या विक्रीवर बंदीचा नियम केला, तरी मध्यप्रदेशात तो लागू झाला नाही. स्वस्त लाखोळी महाग चण्यात व तुरीत मिसळणे सोपे होते. तेव्हा सबंध चणाच घरी आणण्याचा हट्ट ही एक प्रकारची अन्नतपासणी होती. कोणतीही प्रयोगशाळा नसताना बायकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या चालविली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि रायपूर मध्यप्रदेशात राहिले. नागपूर ही तोवर आपली राजधानी होती. एका दिवसात ते परप्रांतातील गाव झाले. याची खरी झळ कोठीघरास लागली ती १९६४ नंतर, धान्याचे राज्यवार विभाग पडल्यावर. येथून भाचीच्या लग्नासाठी नागपूरला पोतेभर तांदूळ नेणे हा आता घरगुती व्यवहार उरला नाही, त्यास परवान्याचा प्रश्न आला. १९६५-६६ च्या अवर्षणात तर बंधने आणखी आवळली गेली. ती पूर्णपणे सुटली १९७७ साली. साखरेची कथा अधिक लांब. १९६७ पासून शिधापत्रिकेवरची साखर एका भावाने आणि खुल्या बाजारातील दुसऱ्या भावाने, अशी व्यवस्था मधल्या खंडांसह चालली, ती २०१३ पर्यंत. सणाला वाढीव साखर सुटली की रांगेत उभे राहण्याचे काम घरातील मुलांकडे येई, आणि शंकरपाळे किती होणार ते त्या पिशवीच्या वजनावर ठरे. त्या वर्षांत गुळाची खुरमी मराठी ताटांत अधिक दिसू लागली हा योगायोग नव्हे.

कोठीघर नावाची खोली गेली ती मात्र टंचाईने नव्हे, घरांच्या नकाशाने. रेल्वेचे व इतर सरकारी क्वार्टर्स दोन खोल्यांचे. त्यांत मातीची कोठी कोठे ठेवणार? तिची जागा डब्यांनी घेतली. १९३७ साली बाजारात आलेल्या डालडाचे पिवळे डबे, त्यावरील ताडाचे झाड खरवडून गेले तरी, पुढे अनेक वर्षे रवा-मैदा सांभाळीत राहिले. तेलाच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यास झाकण जोडून घेतले की त्यात गहू. हे डबे खाटेखाली, माळ्यावर, दाराआड. कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० साली निघाली तिच्यात वाटी-चमच्याचे प्रमाण मिळाले आणि पायली-शेराची भाषा स्वयंपाकघरातूनही ओसरली. बाजारातून ती दशमान पद्धतीने आधीच घालविली होती. गुढियारीच्या रहिवाशांचे एक भाग्य असे की घाऊक किराण्याची पेठच दाराशी होती. दोन-चार घरांनी मिळून पोते घ्यावे आणि ओसरीवर वाटून घ्यावे, हा प्रघात येथे सहज पडला. पुढे डुमरतराईस नवी घाऊक बाजारपेठ उभी राहिली, तरी पोते वाटून घेण्याची सवय काही घरांनी सोडलेली नाही.

एक गोष्ट सांगावयास हवी, कारण स्मरणिकांतून ती सहसा वगळतात. कोठीघराची किल्ली सासूच्या कमरेला असे आणि सुनेला चिमूटभर साखरेसाठी विचारावे लागे. सोवळ्यात राबून अनारसे थापणारी विधवा आत्या पाटावर मात्र बसत नसे. ज्या ज्ञानाचे आम्ही येथे कौतुक केले ते ज्ञान अशाच स्त्रियांनी सांभाळले, आणि त्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत. कोठीघर गेले तेव्हा किल्लीही गेली, याचे आम्हांस दुःख नाही. बिब्बा किती घालावा आणि अनारशाचे पीठ हाताला कसे लागले पाहिजे हे सांगणारी माणसे त्याबरोबर जात आहेत, दुःख त्याचे आहे. मंडळाच्या महिला शाखेने ज्येष्ठ भगिनींकडून ही प्रमाणे जुन्या मापांसह उतरवून घ्यावीत, अशी आमची सूचना आहे. त्यासाठी निधी लागणार नाही, एक वही पुरे.

पौषी पौर्णिमेस छेरछेरा येतो. नवे धान घरात आलेले असते आणि छत्तीसगडी मुले दारोदार जाऊन कोठीतले धान बाहेर काढा असे गाण्यातून मागतात. गुढियारीत ती मराठी दारांवरही येतात. कोठी आता कोणाकडे नाही. प्लास्टिकच्या डब्यातून तांदूळ काढून त्यांच्या झोळीत घातला जातो. काही घरांत मात्र तो अजून पणजोबांच्या वेळच्या लाकडी काठ्यानेच मोजतात, आणि काठा शिगोशीग भरला नाही तर मुले दारातून हलत नाहीत.