वेशीबाहेरचे बंदर

क्रूझचे जहाज सकाळी बेल्जियममधल्या झेब्रुगेच्या धक्क्याला लागते. समोर कंटेनर, क्रेन आणि परदेशी निघालेल्या नव्याकोऱ्या मोटारींच्या रांगा दिसतात. बंदरात पायी फिरायला मनाई असते, म्हणून बस फाटकाबाहेर आणून सोडते आणि तिथून पंधराएक किलोमीटरवरचे ब्रुज गाठायचे. जाहिरातीत ब्रुज दाखवले आणि उतरवले भलतीकडेच, असे वाटणे साहजिक आहे. पण मोठे जहाज ब्रुजच्या बाहेर थांबणे ही आठशे वर्षांची रीत आहे. हातात जहाज सुटेपर्यंतचे सात-आठ तास आहेत, तेव्हा त्या रीतीच्या मागे मागे आपण जाऊन पाहू.

1134 साली एका वादळाने फ्लँडर्सचा किनारा फोडला, समुद्र जमिनीत घुसला आणि झ्विनची खाडी तयार झाली. ब्रुजला समुद्र लाभला तो असा, दैवयोगाने, आणि तोही वेशीपर्यंत नव्हे. म्हणून 1180 च्या सुमारास फ्लँडर्सच्या काउंट फिलिपच्या काळात खाडीच्या मुखाशी नव्हे, तर आतल्या टोकाला दामे हे बंदर वसवण्यात आले. जहाजे तिथे थांबत, माल होड्यांत उतरे आणि होड्या कालव्याने शहरात येत. 1277 मध्ये जिनोआच्या गॅली, म्हणजे वल्ह्यांची जहाजे, जिब्राल्टरला वळसा घालून इकडे पोचल्या, पुढच्या शतकात व्हेनिसच्याही येऊ लागल्या. इंग्लंडची लोकर, बाल्टिकची फर, पूर्वेकडचे रेशीम आणि मलबारची मिरी, सारे या चिंचोळ्या पाण्यावरून येई. मार्क्ट चौकात पूर्वेला आज नवगॉथिक धाटणीचा प्रांतिक वाडा दिसतो. त्याच जागी तेव्हा वॉटरहाल होते. कालव्यावरच उभारलेली ही प्रचंड वखार; होड्या थेट छपराखाली शिरत आणि पावसाचा थेंबही न लागता कापडाचे गठ्ठे उतरत. थोड्या अंतरावर लाकडी यारी होती. तिच्या भल्यामोठ्या चाकात माणसे शिरून चालत राहत आणि त्यांच्या पावलांच्या जोरावर द्राक्षमद्याची पिंपे वर उचलली जात. वॉटरहाल 1787 मध्ये पाडले गेले. ब्रुजमध्ये न उरलेली एकच गोष्ट पाहायला मिळणार असेल, तर मी तेच मागेन.

खाडीने दिले ते खाडीनेच परत घेतले. गाळाने बंदर बुडाल्याच्या कथा कोकणाला नव्या नाहीत, पण इथे ते मरण फार सावकाश आले. दामेपर्यंत जहाजे येईनात तेव्हा धक्का आणखी खाली, स्लाउसला सरकला. त्यात राजकारणाची भर पडली. 1488 मध्ये संतापलेल्या ब्रुजकरांनी हाब्सबुर्ग घराण्याच्या मॅक्सिमिलियनला मार्क्टवरच्याच एका घरात काही महिने कोंडून ठेवले. सुटल्यावर त्याने आपले वजन अँटवर्पच्या पारड्यात टाकले. मग वास्को द गामाच्या सफरीनंतर मिरीचीच वाट बदलली: 1501 मध्ये पोर्तुगीजांचे मसाल्याचे जहाज लागले ते अँटवर्पला. भारताच्या किनाऱ्यावर घडलेल्या उलथापालथीची झळ ब्रुजच्या कालव्यांपर्यंत पोचली होती.

पुढची तीन-साडेतीन शतके शहर पेंगत राहिले. जुने पाडून नवे बांधायला पैसाच नव्हता, म्हणून जुने टिकले. 1838 मध्ये रेल्वे आली आणि इंग्रज प्रवासी ही पडझड पाहायला येऊ लागले. 1892 मध्ये जॉर्ज रोदेनबाख यांची ‘ब्रुज-ला-मॉर्त’ ही कादंबरी ओसाड धक्क्यांच्या छायाचित्रांसह निघाली. मेलेले शहर पाहण्याची तिने फॅशनच केली. 1902 मध्ये जुन्या फ्लेमिश चित्रकारांचे मोठे प्रदर्शन भरले आणि गर्दी वाढली. आता शहरही पाहुण्यांसाठी जुने दिसू लागले. ज्या बोनिफासियस पुलावर आपण मध्ययुग समजून फोटो काढतो, तो 1910 चा आहे.

गंमत अशी, की त्याच काळात ब्रुजचे पुढारी समुद्र परत आणायच्या खटपटीत होते. 1907 मध्ये दुसऱ्या लिओपोल्ड राजाच्या हस्ते झेब्रुगे बंदराचे आणि तिथून शहराकडे येणाऱ्या नव्या कालव्याचे उद्घाटन झाले. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या याच कालव्याने ये-जा करत. त्यांची वाट अडवायला 23 एप्रिल 1918 रोजी ब्रिटिशांनी कालव्याच्या तोंडाशी स्वतःचीच जहाजे बुडवली. मालासाठी बांधलेल्या या बंदरात पुढे क्रूझ जहाजे आली. एकेकाळी व्हेनिसच्या गॅली झ्विनच्या खाडीत आठवडेच्या आठवडे मुक्काम करत; आजचा पाहुणा मार्क्टवरच्या बेल्फ्री या घंटाघराच्या 366 पायऱ्या चढतो, अर्ध्या तासाची नौकाफेरी करतो, चॉकलेट घेतो आणि संध्याकाळी गायब. त्याची जेवणे आणि बिछाना जहाजावरच. शहराच्या वाट्याला येते ती मुख्यतः त्याची गर्दी. 2019 मध्ये ब्रुजच्या महापौरांनी जाहीर केले, की एका वेळी पाच नव्हे, दोनच क्रूझ जहाजे थांबतील. 2022 मध्ये आणखी एक वर्तुळ पुरे झाले. ज्या अँटवर्पने ब्रुजचा व्यापार पळवला, त्याच्याच बंदरात झेब्रुगेचे बंदर विलीन झाले. जोडनावात अँटवर्प आधी येते, ब्रुज मागून.