रोखे-दलाल
रोखे-दलाल : (शेअर दलाल). रोखे बाजारात ग्राहकाच्या आदेशानुसार भाग (शेअर), कर्जरोखे इत्यादींची खरेदी-विक्री करून त्याबद्दल दलाली घेणारी व्यक्ती वा संस्था. बाजारात प्रत्यक्ष व्यवहार करण्याचा अधिकार सदस्यांनाच असल्याने नव्या गुंतवणूकदारास दलालाची निवड करावीच लागते. भाव, रोखे व पैसा या तीन बाबतींत दलालावर किती विसंबावे लागते, यावर त्या निवडीचे महत्त्व अवलंबून असते.

मुंबईत १८५०च्या सुमारास टाउन हॉलसमोरील वडाखाली दलाल जमत. अमेरिकन यादवी युद्धामुळे (१८६१–६५) कापसाचे भाव भडकले आणि त्या पैशावर नव्या कंपन्यांच्या भागांची सट्टेबाजी माजली. प्रेमचंद रायचंद हे त्या काळचे सर्वांत प्रभावी दलाल. युद्ध संपताच १८६५ मध्ये बाजार कोसळून अनेकांचे दिवाळे वाजले. दलालांनी १८७५ मध्ये स्थापन केलेली संघटना म्हणजेच पुढील काळातील मुंबई शेअर बाजार होय. १९५६च्या प्रतिभूती संविदा (विनियमन) अधिनियमाखाली १९५७ मध्ये त्यास सरकारी मान्यता मिळाली.

तरीही मुंबईबाहेरच्या ग्राहकाची स्थिती दुबळीच होती. भाव बाजाराच्या रिंगणात तोंडी ठरत. उपदलालाने कळविलेला भाव पडताळणे अवघड असे. कागदी प्रमाणपत्रे टपालाने येत आणि सही न जुळल्यास परत जात. १९९२च्या रोखे गैरव्यवहारानंतर सुधारणांना वेग आला. त्याच वर्षी भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळास (सेबी) वैधानिक अधिकार मिळाले. राष्ट्रीय शेअर बाजारात १९९४ मध्ये व मुंबई शेअर बाजारात १९९५ मध्ये भागांचे व्यवहार संगणकाच्या पडद्यावर होऊ लागले. भाव सर्वांस दिसू लागला. १९९६च्या निक्षेपागार अधिनियमामुळे रोखे ग्राहकाच्या नावे डीमॅट खात्यात राहू लागले. सेबीने २००० मध्ये इंटरनेटद्वारे व्यवहारांस अनुमती दिली. २०१०नंतर अल्प, ठराविक शुल्क घेणाऱ्या दलालांचा प्रसार झाला. २०२३पासून व्यवहाराची पूर्तता पुढील कामकाजाच्या दिवशी होते.

या बदलांमुळे दलालाचे कार्यालय जवळ असण्याची गरज उरली नाही. धाराशिव जिल्ह्यातील ढोकीसारख्या गावातूनही भ्रमणध्वनीवर खाते उघडता येते. ढोकीच्या परिसरात ‘शेअर’ हा शब्द परिचित आहे तो तेथील तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखान्यामुळे. परंतु सहकारी संस्थेचा भाग बाजारात विकला जात नाही; त्याच्या धारकास, भाग कितीही असले तरी, एकच मत असते आणि तेथे दलालाचा संबंध येत नाही. बाजारातील भागाचे मूल्य मात्र रोज बदलते व तो दलालामार्फतच घ्यावा लागतो.

सुधारणांनंतरही धोका पूर्णपणे टळलेला नाही. हैदराबादच्या कार्वी स्टॉक ब्रोकिंग या संस्थेने ग्राहकांचे रोखे तारण ठेवून कर्ज उभारल्याचे आढळल्याने सेबीने नोव्हेंबर २०१९ मध्ये तिच्यावर निर्बंध घातले. ग्राहकांनी दिलेल्या कुलमुखत्यारपत्राचा तीत दुरुपयोग झाला होता. २०२०पासून तारण दिलेले रोखेही ग्राहकाच्याच खात्यात ठेवण्याची पद्धत लागू झाली.

म्हणून दलाल निवडताना केवळ दलालीचा दर पाहणे पुरेसे नाही. सेबीकडील नोंदणी, खात्याचा वार्षिक आकार, तक्रारनिवारणाची व्यवस्था आणि पैसे परत मिळण्याची तत्परता या बाबी तपासाव्या लागतात. प्रत्येक व्यवहाराची संविदा-टिपणी निक्षेपागाराकडून थेट येणाऱ्या विवरणाशी ताडून पाहणे, हे ग्राहकाच्या हातचे मुख्य साधन होय. दलालाचे उत्पन्न व्यवहारांच्या संख्येवर अवलंबून असल्याने त्याचे व ग्राहकाचे हित नेहमीच एक नसते. सेबीच्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व विकल्प व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक ग्राहकांपैकी सु. ९३ टक्के तोट्यात गेले. व्यवहार सुलभ व स्वस्त झाला, तरी तो करावा की नाही हा निर्णय ग्राहकाचाच राहतो.