चाबूकस्वार

कळंबच्या घरामागच्या गोठ्यात आज रात्री आम्ही दोघं जागे आहोत, मामा आणि मी. राणीचे अकरा महिने भरलेत. सडांवर मेणासारखे थेंब दिसायला लागलेत, म्हणजे आता फार वेळ नाही. घोड्या बहुतेक रात्रीच वितात, आसपास सामसूम असताना. मामानं मला ताकीद दिलीय: लांब बस, मोबाईलचा उजेड पाडू नकोस.

लांब बसायला आणखी एक कारण आहे. सहा वर्षांपूर्वी, इंजिनिअरिंगचा निकाल लागल्या लागल्या मी इथे आलो होतो. राणी तेव्हा नुकतीच खोगिराला लागत होती. वाटेतलं साचलेलं पाणी ती ओलांडेना, म्हणून मी तिला काठीनं मारलं. ती गेली पलीकडे. मला वाटलं, जमलं! दुसऱ्या दिवसापासून मात्र ती पाण्याच्या आसपासही फिरकेना, आणि मी दिसलो की कान मागे टाकायची. मामा रोज तिला पाण्याच्या दिशेनं दोन पावलं न्यायचा, थांबायचा, मानेवर हात फिरवायचा, मागे आणायचा. ती पाण्यात उभी राहिली तेव्हा मला एवढंच म्हणाला, "तुझी एक काठी मला तीन महिने पुरली."

घोडा शिकवणाऱ्याला मराठीत जुना शब्द आहे, चाबूकस्वार. मोल्सवर्थच्या कोशातही तो सापडतो. नावातच चाबूक, म्हणजे आपली रीतच माराची, असं मी धरून चाललो होतो. पण शब्द फारसीतून आलाय, आणि तिथे 'चाबुक'चा एक अर्थ चपळ, तरबेज असाही आहे. चाबुकसवार म्हणजे कसलेला स्वार. आपल्या कानाला मात्र त्यात फक्त आसूड ऐकू येतो.

मामाची पद्धतही काही नवी नाही. सुमारे 2400 वर्षांपूर्वी झेनोफन या ग्रीक सेनानीनं घोड्यांवर एक पुस्तक लिहिलं. रागात घोड्याला हात लावू नका, आणि तो ज्याला बुजतो त्याच्याजवळ त्याला सावकाश न्या, असं तो सांगतो. मारलंत तर घोडा समजतो, हे दुखणं त्या वस्तूमुळेच झालं. माझ्या काठीनं नेमकं हेच केलं होतं.

आपल्याकडे शिवकाळाची साक्ष आहे. सभासद बखरीत पागेची व्यवस्था दिलीय: 25 घोड्यांमागे एक पखालजी, एक नालबंद. पावसाळ्यात छावणीसाठी दाणा, औषधं, शाकारलेली घरं आधीच तयार. 1670च्या दशकात चिपळूणच्या बाजूला तळ दिलेल्या अधिकाऱ्यांना गेलेलं शिवाजी महाराजांचं पत्रही प्रसिद्ध आहे. आत्ताच दाणा-वैरण उधळलीत तर भर पावसात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल, असा त्याचा रोख. जनावर बिघडलं तर दोष आधी माणसाचा, हा हिशेब तिथे स्पष्ट आहे.

मामाचा हिशेब माथेरानचा. 1850मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट त्या डोंगरावर चढला, 1907मध्ये नेरळहून छोटी गाडी सुरू झाली. वर मोटारींना बंदी, त्यामुळे दस्तुरी नाक्यापासून पुढे पाय, घोडा नाहीतर हातरिक्षा. 2022च्या डिसेंबरात ई-रिक्षा प्रयोग म्हणून आल्या. 2025च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्यायला सांगितलं. माणसानं माणसाला ओढणं थांबायलाच हवं, हे मामालाही पटतं. पण गिऱ्हाईक ई-रिक्षात बसलं तर घोड्यावर कोण बसणार?

शिंगरू आज जन्मलं तरी पाठीवर माणूस घ्यायला त्याला तीन वर्षं लागतील. तीन वर्षांनी वर काम असेल का? मी विचारलं, "मग राणीला गाभण का राहू दिलीस?"

मामा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काम नसलं तर इकावं लागंल. पण शिकवलेलं जनावर कुठंबी गेलं तरी मार कमी खातं."

राणी उठली, फिरली, पुन्हा बसली. मी नकळत पुढे सरकलो. तिचे कान हलले, पण मागे गेले नाहीत.

"शिंगरू उभं राहू दे, चीक पिऊ दे," मामा म्हणाला. "मग पहिला हात तू लाव. पण हळू."