अंगणात भरलेली शाळा

मूल कसे वाढते याचाही अभ्यास असतो, असे म्हटले की पुष्कळ भगिनी हसतात. मुले तर आपण वाढवतोच! पण हा अभ्यास उघड्या अंगणात बसून झाला आहे आणि तोही डहाणू तालुक्यात, जो २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता.

भावनगरास गिजुभाई बधेका यांच्यापाशी काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. बालवयातच वैधव्य आलेल्या अनुताई वाघ त्यांच्या सोबतीस आल्या. बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतली मुले येईनात. तेव्हा शाळाच वस्तीत गेली. मुलांना न्हाऊमाखू घालून तेथल्या अंगणातच ती भरू लागली. हीच अंगणवाडी. माँटेसरीबाईंची महागडी साधने कोठून आणणार? शिंपले, खडे, बिया यांवर काम भागे.

१९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांजवळ गेले. थोरली मुलगी शाळेत येईना, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड! म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी केली. गुराखी पोरांसाठी कुरणशाळा निघाली. मला स्वतःला पाळणाघराची युक्ती सर्वांत मोलाची वाटते. ती पुस्तकातून सुचली नसती. बालशिक्षिकांचे प्रशिक्षणही त्या केंद्रात होई.

ताराबाई १९७३ साली निवर्तल्या, अनुताई १९९२ साली. १९७५ मध्ये सरकारने एकात्मिक बाल विकास योजना काढली, तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव पडले.